रिकाम्या जहाजांचा हिवाळा

१/ २२ जानेवारी १८९१. उत्तर जर्मनीत एल्बे नदीच्या मुखाशी असलेल्या कुक्सहाफेन बंदरातून ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही आगबोट निघाली. त्या वर्षी युरोपात थंडीने कहर केला होता. हॅम्बुर्ग ते न्यूयॉर्क या मार्गावर उतारू नेणे हे या बोटीचे नित्याचे काम. त्या दिवशी मात्र ती अमेरिकेकडे वळली नाही. तिच्यावरचे २४१ उतारू निव्वळ सहलीला निघाले होते. जवळजवळ दोन महिने भूमध्य समुद्रात हिंडून ते पुन्हा त्याच गारठलेल्या किनाऱ्यावर परतणार होते. #धागा

२/ थंड प्रदेशातील बंदरातून भर हिवाळ्यात उबदार समुद्राकडे जाणाऱ्या सहली आज सर्वपरिचित आहेत. न्यूयॉर्कहून, साउदॅम्प्टनहून, हॅम्बुर्गहून अशी जहाजे ऐन थंडीतही सुटतात. त्यांच्या बाजूने सांगितले जाते की घराजवळ जहाज मिळते, विमानाची दगदग टळते, सामानाची चिंता राहत नाही. विरुद्ध बाजूने सांगितले जाते की ऊन दिसेपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि ते दिवस वर्षातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रावर काढावे लागतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण ही सहल मुळात कोणाच्या सोयीसाठी जन्मली, असे विचारले की फायद्या-तोट्याचा सगळा हिशेब वेगळा दिसू लागतो.

३/ ती जन्मली जहाजाच्या सोयीसाठी. पूर्वी मुंबईहून कोकणात जाणाऱ्या दूरच्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की पुन्हा सुरू होत, हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ठाऊक आहे. उत्तर अटलांटिकवरची वाहतूक हिवाळ्यात पूर्ण थांबत नसे, परंतु उतारू फार रोडावत. स्थलांतरित वसंत ऋतूची वाट पाहत, श्रीमंत प्रवासी उन्हाळ्यात जात. एवढ्या महागड्या, वेगवान बोटी थंडीचे महिने धक्क्याला बांधून ठेवायच्या, म्हणजे गुंतवलेले भांडवल गोठवायचे आणि वर देखभालीचा खर्च सोसायचा.

४/ यावर उपाय काढला आल्बर्ट बालिन याने. हॅम्बुर्गमधल्या एका ज्यू कुटुंबात १८५७ मध्ये जन्मलेला हा मनुष्य. वडिलांचा व्यवसाय स्थलांतरितांना बोटीची तिकिटे मिळवून देण्याचा. त्याच धंद्यात मुरून तो १८८६ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या उतारू विभागाचा प्रमुख झाला आणि पुढे साऱ्या कंपनीचा. गरीब स्थलांतरितांच्या तिकिटांपासून सुरुवात केलेल्या माणसाने श्रीमंतांच्या सहलीचा धंदा उभारावा, हा योगायोग नव्हे असे मला वाटते. जहाजातली प्रत्येक रिकामी जागा त्याच्या डोळ्यांना खुपत असणार.

५/ त्याने ठरवले की हिवाळ्यात बोट अमेरिकेला जात नसेल तर तिने उन्हाकडे जावे. सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले असे सांगतात. त्यांचा आक्षेप आजच्या टीकाकारांपेक्षा फार निराळा नव्हता. जानेवारीत उत्तर समुद्र आणि बिस्केचा उपसागर ओलांडण्यासाठी कोण पदरचे पैसे मोडील? बालिनने उत्तर दिले ते कृतीने. तो स्वतः पत्नीला घेऊन त्या सफरीवर गेला.

६/ एक विषयांतर. बोटीचे नाव जर्मन सम्राज्ञीवरून ठेवले होते, पण तिच्या नावाचे खरे रूप ‘आउगुस्टे’ असे होते. सम्राज्ञीचेच नाव चुकीचे रंगवून ही बोट आठ वर्षे जगभर फिरली आणि १८९७ मध्ये ती चूक दुरुस्त झाली.

७/ दुसरे विषयांतर, कारण ‘जगातली पहिली’ असे म्हटले की जाणकार लगेच हात वर करतात. सहलीसाठी समुद्रप्रवास ही कल्पना बालिनच्या आधीची आहे. ब्रिटिश पी अँड ओ कंपनीने १८४४ मध्येच भूमध्य समुद्राच्या फेऱ्यांची जाहिरात केली होती आणि कादंबरीकार थॅकरे याला त्यासाठी फुकट तिकीट दिले होते. बालिनचे वेगळेपण ऋतूत आहे. मुख्य धंद्याचा भाकड काळ हाच सहलीचा हंगाम ठरवणे, ही त्याची युक्ती होती.

८/ त्या सफरीत बोट साउदॅम्प्टन, जिब्राल्टर, जिनोआ, अलेक्झांड्रिया, याफा, बैरूत, इस्तंबूल, पिरेअस, माल्टा, नेपल्स, लिस्बन अशी फिरली. याफाहून जेरुसलेम, अलेक्झांड्रियाहून कैरो. प्रत्येक ठिकाणी मुक्कामाचे घर आपल्याबरोबरच आलेले. त्या काळी हा केवढा मोठा लाभ होता, याची आज कल्पना येत नाही. हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याला इतकी ठिकाणे पाहायची तर आगगाड्या बदलत, सीमेवर पेटारे उघडून दाखवत, अनोळखी खानावळींत उतरत जावे लागे. इथे एकदा पेटारा केबिनमध्ये ठेवला की दोन महिने हलवायला नको. आज थंड बंदराच्या बाजूने जो युक्तिवाद होतो, तो जवळजवळ शब्दशः हाच आहे. फक्त आगगाडीच्या जागी विमान आले.

९/ सफर यशस्वी झाली आणि बालिनने ती दरवर्षी काढली. मग त्याने पुढचे पाऊल टाकले. रिकाम्या बोटीला सहलीवर पाठवण्याऐवजी खास सहलीसाठीच बोट बांधायची. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंट फॉस गोदीत १९०० मध्ये ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ पाण्यात उतरली. आकाराने लहान, रूपाने एखाद्या राजाच्या विहारनौकेसारखी. १२० केबिनी, सर्व पहिल्या वर्गाच्या. व्यायामशाळा होती आणि हौशी छायाचित्रकारांसाठी काचा धुण्याची अंधारी खोलीसुद्धा होती. जानेवारी १९०१ मध्ये ती हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला गेली आणि तिथून वेस्ट इंडीज बेटांकडे. या प्रकारच्या सहलीचे केंद्र आता अटलांटिकच्या पलीकडे सरकू लागले होते.

१०/ न्यूयॉर्कच का, हे समजण्यासाठी नकाशा उघडा. न्यूयॉर्क आणि इटलीतले नेपल्स जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तरीही नेपल्समध्ये जानेवारीत लिंबे पिकतात आणि न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडतो, कारण न्यूयॉर्कवर येणारा हिवाळी वारा खंडाच्या गोठलेल्या अंतर्भागातून येतो. परंतु तिथून बहामा बेटे सुमारे साडेनऊशे सागरी मैलांवर. २० नॉट वेगाच्या जहाजाला दोन दिवस पुरतात. इतक्या थोड्या अंतरात लोकरीच्या कोटापासून सुती सदऱ्यापर्यंत पोहोचता येईल असे, दाट वस्तीच्या आणि पैसेवाल्या महानगराजवळचे दुसरे ठिकाण जगात क्वचितच असेल.

११/ पण त्याच दोन दिवसांत केप हॅटरस लागते. नॉर्थ कॅरोलायनाच्या या टोकाजवळ गल्फ स्ट्रीम हा उबदार सागरी प्रवाह किनाऱ्याच्या अगदी जवळून वाहतो. हिवाळ्यात खंडावरून आलेली कोरडी, बर्फगार हवा या कोमट पाण्यावर येते आणि दोहोंच्या तापमानातील फरकातून वादळे काही तासांत फोफावतात. त्यातच ईशान्येचा वारा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने लोटू लागला की लाटा आखूड, उभ्या आणि उंच होतात. खलाशी या टापूला अटलांटिकचे स्मशान म्हणतात. म्हणजे जो भौगोलिक योग उन्हाला इतके जवळ आणतो, तोच वाटेवर वादळांचा कारखानाही चालवतो.

१२/ ‘प्रिन्सेसिन’चा शेवट मात्र वादळात झाला नाही. १६ डिसेंबर १९०६ च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेली ही बोट जमैकातील किंग्स्टन बंदरापाशी पोहोचली. बंदरात शिरण्यासाठी स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो. कप्तानाने त्याच्याविना शिरण्याचे ठरवले, एका दीपगृहाचा प्रकाश दुसऱ्याच दीपगृहाचा समजला आणि बोट खडकावर चढली. उतारू सुखरूप उतरले. कप्तान आपल्या केबिनमध्ये गेला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जगातली पहिली खास सहलीसाठी बांधलेली बोट अशी सहा वर्षांत संपली. जेमतेम महिन्याभराने, १४ जानेवारी १९०७ रोजी, भूकंपाने किंग्स्टन शहरही उद्ध्वस्त केले.

१३/ बालिनची कंपनी थांबली नाही. ऑक्टोबर १९०९ मध्ये तिची ‘क्लीव्हलँड’ ही बोट सुमारे साडेसहाशे उतारू घेऊन न्यूयॉर्कहून निघाली आणि जानेवारीअखेर सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. पनामा कालवा तेव्हा व्हायचा होता, म्हणून ती पूर्वेकडून, सुएझमार्गे, पृथ्वीला वळसा घालून गेली. तिच्या थांब्यांत आपली मुंबईही होती. न्यूयॉर्ककरांचा हिवाळा टाळायचा काळ आणि मुंबईचा सर्वांत सुखद काळ एकच, हे गणित तेव्हापासूनचे आहे. मुंबईत परदेशी सहल-जहाजांची वर्दळ आजही मुख्यतः थंडीतच असते.

१४/ पहिल्या महायुद्धाने बालिनची सगळी मांडणी मोडली. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, ज्या दिवशी कैसरची सत्ता संपली त्याच दिवशी, झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने तो वारला. कंपनीचा ताफा पुढे विजेत्यांच्या हाती गेला. पण रिकाम्या जहाजांची अडचण वाढतच गेली. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी स्थलांतरितांची संख्या एकदम कमी केली. ज्यांच्या तिकिटांवर अटलांटिकच्या बोटी पोसल्या जात, ते खालच्या वर्गाचे उतारूच आटले. आता केवळ हिवाळ्याचा प्रश्न उरला नाही.

१५/ आणि नेमक्या याच वेळी अमेरिकेने एक नकळत साहाय्य केले. जानेवारी १९२० पासून देशात दारूबंदी लागू झाली. न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश जहाज किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर गेले की त्याचे मद्यालय उघडे. जागतिक मंदी आल्यावर तर काही दिवसांच्या स्वस्त सहली फार लोकप्रिय झाल्या. काही जहाजे कुठेच जात नसत. समुद्रात एक फेरी मारून परत येत. हिवाळ्यात उन्हापेक्षा मद्याच्या ओढीने हॅटरसच्या लाटा सोसणारे उतारूही पुष्कळ असावेत.

१६/ ‘मॉरेटेनिया’ची गोष्ट मला या काळातली सर्वांत करुण वाटते. जवळजवळ वीस वर्षे अटलांटिकवरच्या वेगाचा विक्रम तिच्या नावावर होता. १९२९ मध्ये तो गेला. मग तिला पांढरा रंग देऊन न्यूयॉर्कहून वेस्ट इंडीजच्या सहलींवर पाठवले गेले. १९३५ मध्ये ती भंगारात निघाली. वेगासाठी बांधलेली यंत्रे सावकाश विहारासाठी कोळसा-तेल पितात तशी परवडत नाहीत. आणि थंड समुद्रासाठी बांधलेले बंदिस्त जहाज उष्ण कटिबंधात भट्टीसारखे तापते. वातानुकूलन नव्हते. छतावर मोकळी जागा कमी, कारण उत्तर अटलांटिकवर डेकवर बसतोच कोण?

१७/ थंड बंदरातून उष्ण समुद्राकडे जाणाऱ्या जहाजाचे हे खरे कोडे. त्याने पहिल्या दिवशी बर्फाळ वाऱ्यात बंद पेटीसारखे असावे आणि तिसऱ्या दिवशी अंगणासारखे उघडावे. असे जहाज बांधणे खर्चाचे असते. त्यामुळे कंपन्यांनी बहुधा काय केले, तर ज्या बोटींचा मूळ धंदा बुडाला होता त्या घेतल्या, रंग दिला, दोन तलाव बसवले आणि सहलीला लावल्या. उताऱ्याला स्वस्तात प्रवास मिळाला. त्या स्वस्ताईची एक किंमत डिसेंबर १९६३ मध्ये वसूल झाली.

१८/ ‘लाकोनिया’ ही बोट मूळची डच. १९३० पासून ॲमस्टरडॅम ते डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, या मार्गावर ती धावे. वसाहत स्वतंत्र झाल्यावर तिचे काम संपत गेले. १९६२ मध्ये एका ग्रीक कंपनीने ती विकत घेतली, नवे नाव दिले आणि साउदॅम्प्टनहून कॅनरी बेटांच्या सहलींवर लावली. १९ डिसेंबर १९६३ रोजी ती अकरा दिवसांच्या नाताळ सहलीवर निघाली. ६४६ उतारू, बहुतेक ब्रिटिश, त्यांत वयस्कर मंडळी पुष्कळ. ३७६ कर्मचारी. ब्रिटनमधला आदला हिवाळा शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक होता. तो अनुभव ताजा असलेल्या लोकांनी नाताळसाठी ऊन विकत घेतले, यात नवल काय?

१९/ चौथ्या रात्री, २२ डिसेंबरला, बोट मदेइरा बेटाच्या उत्तरेस सुमारे १८० मैलांवर होती. बिस्के मागे पडला होता. थंडीचा टप्पा ओलांडला गेला होता. नृत्यदालनात ‘उष्ण कटिबंधातील भटके’ अशा कल्पनेवर वेशभूषेचा कार्यक्रम चालू होता. अकराच्या सुमारास एका कर्मचाऱ्याला केशकर्तनालयाच्या दाराखालून धूर येताना दिसला. दार उघडताच ज्वाळा मार्गिकेत झेपावल्या. धोक्याची घंटा वाजली, पण ती इतकी क्षीण होती की बहुतेकांना ऐकूच गेली नाही. अनेकजण आपापल्या केबिनमध्ये झोपले होते.

२०/ जीवरक्षक नौका पुरेशा होत्या. परंतु काहींना आधीच आग लागली, काही उतरवताना कलंडल्या, काहींच्या साखळ्या व खुंट्या गंजल्यामुळे त्या हलेनात. निम्म्याहून थोड्या अधिक नौकाच पाण्यात उतरल्या. अर्जेंटिनाचे ‘साल्टा’ हे जहाज पहाटे साडेतीनच्या सुमारास पोहोचले, पाठोपाठ ब्रिटिश ‘मॉन्टकाम’. सकाळपर्यंत लोक दोरांना, शिड्यांना, तरंगत्या फळ्यांना धरून होते. १२८ जण मृत्यू पावले. ९५ उतारू, ३३ कर्मचारी. त्यांतले निम्म्याहून अधिक आगीत गेले नाहीत. ते बुडून, पाण्यात उडी टाकताना झालेल्या इजेने किंवा गारठून गेले. ओढून नेत असताना २९ डिसेंबरला बोट जिब्राल्टरच्या पश्चिमेस बुडाली.

२१/ चौकशीत आगीचे कारण सदोष वीजतारा असे निघाले. सुरक्षा तपासणीत ही बोट उत्तीर्ण व्हायलाच नको होती, असे ग्रीक चौकशी मंडळाने म्हटले. कप्तानासह आठ अधिकाऱ्यांवर निष्काळजीपणाचा ठपका आला. इथे समुद्राला दोष देता येत नाही. वादळ नव्हते. हिवाळी सहलींवरच्या चर्चेत लाटांविषयी फार बोलले जाते आणि त्या हंगामात, त्या मार्गावर, कोणत्या वयाचे आणि कोणत्या अवस्थेतले जहाज पाठवले जाते, याविषयी फार थोडे. माझ्या मते ‘लाकोनिया’वरच्या लोकांचा घात या दुसऱ्या गोष्टीने केला.

२२/ यानंतर चित्र पालटले ते विमानामुळे. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकपार जेट विमानसेवा सुरू झाली आणि नेहमीच्या प्रवासासाठी बोट घेणारे उतारू झपाट्याने घटले. आता जहाज फक्त हिवाळ्यात रिकामे राहत नव्हते, बारा महिने रिकामे होते. पण त्याच विमानाने एक मार्गही दाखवला. उताऱ्याला थंड शहरातून विमानाने तीन तासांत फ्लॉरिडात आणता येत असेल तर जहाजाने त्याला आणायला बर्फात जावेच कशाला? डिसेंबर १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून बहामाच्या नियमित सहलींवर जाऊ लागले. १९७० मध्ये ‘साँग ऑफ नॉर्वे’ आले, ते तर उष्ण समुद्रासाठीच बांधलेले. मधले दोन दिवस सहलीतून कापून टाकले गेले.

२३/ याचा सर्वांत बोलका पुरावा ‘फ्रान्स’ या जहाजाच्या देहावर दिसतो. १९६० मध्ये जलावतरण झालेले हे अटलांटिकचे अखेरचे वैभव. त्याचे दोन्ही जलतरण तलाव छताखाली. १९७४ मध्ये ते बंद पडले. १९७९ मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीने ते घेतले, ब्रेमरहाफेनच्या गोदीत नेऊन त्याची ताकद कमी केली, मागे मोकळे डेक आणि उघडा तलाव केला, नाव ‘नॉर्वे’ ठेवले आणि १९८० मध्ये मायामीला आणले. वेग गेला, ऊन आले.

२४/ मग थंड बंदरे पुन्हा जागी का झाली? ११ सप्टेंबर २००१ मुळे. त्या हल्ल्यानंतर अमेरिकेत विमाने काही दिवस जमिनीवर होती आणि लोकांच्या मनातली भीती त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकली. ज्या कंपनीची सगळी सहल उताऱ्यांना दूरवर विमानाने नेण्यावर उभी होती, ती ‘रेनेसान्स’ कंपनी त्याच महिन्यात दिवाळखोर झाली. इतर कंपन्यांनी जहाजेच लोकांच्या दाराशी आणली. २००३ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ न्यूयॉर्कहून बारमाही सुटू लागले. पुढच्या वर्षी नदीपलीकडे बेयॉनला नवे सहल-बंदर उघडले. मोटारीने यावे, बोटीत चढावे, विमानतळाचे तोंडही पाहू नये. १८९१ च्या हॅम्बुर्गकरांचा लाभ न्यूयॉर्ककरांना परत मिळाला. आणि त्याबरोबर हॅटरसही परत आले.

२५/ ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘अँथम ऑफ द सीज’ बेयॉनहून फ्लॉरिडा-बहामाकडे निघाले. वय जेमतेम वर्षाचे, लांबी ३४८ मीटर, सुमारे साडेचार हजार उतारू. ‘लाकोनिया’शी याची कुठेच तुलना नव्हती. दुसऱ्या दिवशी हॅटरसजवळ वारा ताशी १६० किलोमीटरच्या वर गेला, लाटा नऊ मीटरच्या घरात. उताऱ्यांना कित्येक तास केबिनमध्येच थांबायला सांगितले गेले. आत सामान आपटत होते, छताचे पत्रे कोसळत होते. बोट लागणे म्हणजे काय, ते त्या रात्री हजारोंना कळले असणार. जहाज टिकले. दुखापती किरकोळ होत्या. पण ते पुढे न जाता माघारी फिरले आणि १० तारखेला जिथून निघाले तिथेच परतले.

२६/ कंपनीने सांगितले की वादळ अंदाजापेक्षा फार तीव्र निघाले. अमेरिकेच्या शासकीय हवामान खात्याने मात्र आपण चक्रीवादळाच्या ताकदीच्या वाऱ्याचा इशारा आधीच दिला होता, हे दाखवून दिले. फ्लॉरिडाच्या एका सिनेटरने चौकशीची मागणी केली. शनिवारी सुटणारे जहाज शनिवारीच सुटले पाहिजे, कारण साडेचार हजार माणसे धक्क्यावर उभी असतात आणि पुढच्या शनिवारी तितकीच नवी येणार असतात, हे या धंद्याचे घड्याळ आहे. बालिनच्या बोटीला दोन महिन्यांत एखादा दिवस उशीर झाला तर बिघडत नसे. सात दिवसांच्या सहलीत एक दिवसही सुटा नसतो.

२७/ परतीच्या वाटेवर हा फास आणखी आवळतो. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक अतितीव्र हिवाळी वादळ आले. बहामाहून न्यूयॉर्कला परतणारे ‘नॉर्वेजियन ब्रेकअवे’ त्याच वादळातून आले. केबिनमध्ये पाणी शिरल्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या. मायामीच्या जहाजाला अशा वेळी दक्षिणेकडे दडून राहता येते, त्याचे घर तिथेच असते. न्यूयॉर्कच्या जहाजाला कधीतरी उत्तरेकडे तोंड वळवावेच लागते, आणि उतारूही तेव्हा उन्हाने सैलावलेला, सुट्टी संपत आलेली, सर्वांत बेसावध असतो.

२८/ मग हिशेब कसा मांडावा? विमानाची भीती, पाठदुखी, चाकाची खुर्ची, लहान मूल, भरपूर सामान, यांपैकी काही असेल तर थंड बंदराचा लाभ खरा आहे. ज्याच्याकडे सातच दिवस आहेत, त्याचे त्यांतले निदान तीन-चार राखाडी समुद्रावर जातात, हेही खरे. बारा-चौदा दिवसांच्या सफरीत हेच प्रमाण पुष्कळ सुसह्य होते. बालिनने आपली सफर दोन महिन्यांची ठेवली, त्यात व्यवहारी शहाणपण होतेच.

२९/ ‘अँथम’च्या उताऱ्यांना तिकिटाचे सर्व पैसे परत मिळाले, शिवाय पुढच्या सहलीसाठी निम्म्या रकमेची सवलत. वर्ष-सव्वा वर्षाने कंपनीने स्वतःचा पूर्णवेळ हवामानतज्ज्ञ नेमला. तो मायामीत बसून समुद्रावरच्या सर्व जहाजांची हवा पाहू लागला. बेयॉनहून जहाजे आजही हिवाळ्यात सुटतात.